एएचयूचा बेल्ट स्क्रू ड्रायव्हरने चढवू नका

एएचयूचा, म्हणजे इमारतीला गार हवा पुरवणाऱ्या एअर हँडलिंग युनिटचा बेल्ट तुटला की पहिला फोन येतो, ‘वर गारवा येत नाहीये’. पुढच्या पंधरा मिनिटांत कुणीतरी मोठा स्क्रू ड्रायव्हर घेऊन पुलीपाशी बसलेला असतो. मोटर जागची हलवायची नाही. नवा बेल्ट ब्लोअरच्या (हवा ढकलणाऱ्या पंख्याच्या) पुलीवर अर्धा अडकवायचा, स्क्रू ड्रायव्हरने रेटा द्यायचा, दुसऱ्या हाताने पुली फिरवायची. ‘टक्’ असा आवाज होतो आणि बेल्ट खाचेत बसतो. हाच बेल्ट थोड्या दिवसांनी खाचेत उलटा झालेला सापडतो आणि खापर बेल्ट बनवणाऱ्यावर फुटतं.

व्ही-बेल्टचा सगळा भार त्याच्या वरच्या भागात दडलेल्या पॉलिस्टरच्या दोऱ्यांवर असतो. रबर फक्त खाचेच्या भिंतींना धरून ठेवतं. रेटा देऊन बेल्ट पुलीच्या कडेवरून ओढला की कडेच्या दोन-तीन दोऱ्या तुटतात. बाहेरून काही दिसत नाही, पण आता बेल्टची एक बाजू दुसरीपेक्षा सैल झालेली असते आणि तो चालता चालता पिळवटतो. शिवाय बेल्ट पुलीवर जिथे चढतो, नेमकी तिथेच बोटं असतात. फिरवणारा आणि रेटणारा असे दोघे असतील तर विचारायलाच नको.

बोलणं हवेत राहू नये म्हणून एक जोडी धरू. ५.५ किलोवॅटची, म्हणजे साडेसात एचपीची मोटर, १४४० आरपीएम. मोटरची पुली १५० मिमी, ब्लोअरची २५० मिमी, दोन खाचा, बी सेक्शनचे (सेक्शन म्हणजे बेल्टच्या छेदाचं माप) दोन बेल्ट, दोन शाफ्टमधलं अंतर ६०० मिमी. ऑफिस, मॉल, रुग्णालय कुठेही ही जोडी थोड्या फरकाने भेटते.

बंद म्हणजे नक्की काय

पॅनेलवर ‘ऑफ’ दिसतंय म्हणजे यंत्र बंद, हे एएचयूच्या बाबतीत खरं नाही. बीएमएसच्या (इमारतीतली यंत्रं चालवणाऱ्या संगणक यंत्रणेच्या) वेळापत्रकाने, थर्मोस्टॅटने किंवा फायर पॅनेलच्या इंटरलॉकने ब्लोअर आपोआप सुरू होऊ शकतो. वीज जाऊन जनरेटरवर आली की काही व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह) स्वतःच पुन्हा सुरू होतात. म्हणून सिलेक्टर स्विच ऑफ करणं किंवा बीएमएसवाल्याला फोन करून सांगणं पुरेसं नाही. फीडरचा आयसोलेटर (मोटरचा पुरवठा तोडणारा स्विच) पाडायचा, त्यावर स्वतःचं कुलूप लावायचं, चावी स्वतःच्या खिशात ठेवायची आणि नाव-वेळ लिहिलेला टॅग अडकवायचा. दोघे काम करत असतील तर दोन कुलपं. नंतर स्टार्ट बटण दाबून पाहायचं आणि मोटरच्या टर्मिनलवर तिन्ही फेज मल्टीमीटरने तपासायचे. मीटर चालतंय की नाही हे आधी आणि नंतर चालू लाइनवर लावून बघायचं. मेलेल्या बॅटरीचं मीटरही शून्यच दाखवतं.

व्हीएफडी असेल तर आतल्या कपॅसिटरमध्ये पुरवठा तोडल्यावरही काही मिनिटं जीवघेणा विद्युतदाब असतो. किती वेळ थांबायचं ते ड्राइव्हच्या लेबलवर लिहिलेलं असतं, तेवढं थांबायचंच. ड्राइव्हच्या कीपॅडवरचं ‘स्टॉप’ ही सुरक्षा नाही.

एवढं झाल्यावरही पंखा फिरत असू शकतो. एकाच डक्टला दोन एएचयू जोडलेले असतील आणि बंद असलेल्याचा डॅम्पर (डक्टमधली हवा अडवणारी झडप) नीट मिटत नसेल, तर शेजारच्या एएचयूची हवा उलटी येऊन हा ब्लोअर सावकाश फिरवत राहते. गच्चीवरच्या एक्झॉस्ट फॅनला वाराच पुरतो. जड चाक बंद केल्यावरही बराच वेळ घरंगळत राहतं. हाताने धरून थांबवू नका. पूर्ण थांबू द्या, मग डॅम्पर बंद करा आणि चाक फिरणार नाही असं बांधा किंवा लाकडी पाचर लावा. पाचरीला लाल फडकं बांधा, म्हणजे काम संपल्यावर ती आत राहणार नाही.

कपड्यांबद्दल थोडक्यात. सैल बाह्या, गळ्यातलं ओळखपत्र, हातातला कडा, सगळं बाहेर ठेवायचं. १९४८ च्या कारखाना कायद्यात चालत्या यंत्राजवळ काम करणाऱ्याने अंगाला घट्ट बसणारे कपडे घालावेत असं लिहिलं होतं, ते उगाच नव्हतं. कॉइलचे फिन आणि पत्र्याच्या कडा ब्लेडसारख्या असतात, तिथे अंगासरशी बसणारे हातमोजे घाला. पुली हाताने फिरवायची वेळ आली की ढगळ सुती मोजे काढा.

जुना बेल्ट फेकण्याआधी

मोटरच्या चारही पायांचे बोल्ट सैल करा, टेन्शनचे बोल्ट मागे घ्या, मोटर पुढे सरकवा. बेल्ट हाताने अलगद निघायला हवा. निघत नसेल तर मोटर अजून पुढे घ्यायची आहे.

काढलेला बेल्ट वाचता आला पाहिजे. दोन्ही बाजू काचेसारख्या चकचकीत असतील तर तो घसरत होता, म्हणजे ताण कमी होता. एकच बाजू झिजली असेल तर पुल्या एका रेषेत नव्हत्या. आतल्या अंगाला आडव्या भेगा पडल्या असतील तर उष्णता किंवा फार लहान पुली. बी सेक्शनला १२५ मिमीपेक्षा आणि ए सेक्शनला ७५ मिमीपेक्षा लहान पुली वापरत नाहीत, कारण तेवढ्या वळणावर बेल्ट सतत वाकून आतून तापतो. गार्डच्या तळाशी काळी भुकटी साचली असेल तर रेषा तरी बिघडली आहे किंवा खाचा तरी झिजल्या आहेत.

खाचा तपासणं बहुतेक जण टाळतात, आणि नव्या बेल्टचं आयुष्य इथेच कमी होतं. खाचेच्या भिंती सरळ असाव्या लागतात. त्या आत वाटीसारख्या खोल गेल्या असतील तर पट्टी टेकवून फट पाहा. पाऊण मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसली तर पुली बदला. खाचेचा तळ चमकत असेल तर मोजायचीही गरज नाही. व्ही-बेल्टने तळाला कधीच टेकायचं नसतं, तो फक्त भिंतींमध्ये पाचरीसारखा अडकून काम करतो. तळाला टेकला की ती पाचर संपली, मग कितीही ताण द्या, घसरणारच.

बेल्ट निघालेला असतानाच ब्लोअरचा शाफ्ट हाताने फिरवून बेअरिंग ऐका. खरखर असेल तर आत्ताच बदला. इनर रिंगच्या कडेला शाफ्टवर तांबूस भुकटी दिसली तर रिंग शाफ्टवर घसरते आहे, म्हणजे तिला शाफ्टवर आवळणारे ग्रब स्क्रू सैल आहेत किंवा शाफ्ट झिजला आहे. बेअरिंगच्या पेडेस्टलवर (बैठकीवर) यूसीपी २०८ लिहिलं असेल तर बोअर ४० मिमी. शेवटच्या दोन आकड्यांना पाचने गुणायचं.

टेपर बुश, आणि ग्रीस कुठे लावायचं नाही

पुली शाफ्टवर हातोडीने ठोकून बसवायची पद्धत अजून गेलेली नाही. प्रत्येक ठोका बेअरिंगच्या गोळ्यांमधून रिंगवर जातो, तिथे बारीक खळगे पडतात आणि काही आठवड्यांनी बेअरिंग गुणगुणायला लागतं. टेपर बुश म्हणजे पुली आणि शाफ्ट यांच्यामध्ये बसणारी, बाहेरून उतार असलेली बाही. तशा पुलीला ठोकण्याची गरजच नसते.

बुशवर चार आकडे असतात. २०१२ म्हणजे जास्तीत जास्त बोअर २.० इंच आणि लांबी सव्वा इंच. १६१० म्हणजे १.६ इंच आणि १ इंच. आपल्या मोटरचा शाफ्ट ३८ मिमी आहे, तेव्हा ३८ बोअरचा २०१२ घेतला असं धरू.

शाफ्ट, बुशचा आतला भाग, बाहेरचा उतार आणि पुलीचा हब हे चारही पृष्ठभाग कोरडे करकरीत हवेत. किनाऱ्यालगतच्या इमारतींत शाफ्टवर गंज हमखास असतो, तो बारीक पॉलिश पेपरने काढा आणि पुसून घ्या. गंजू नये म्हणून इथे ग्रीस चोपडण्याचा मोह होतो. तो आवरा. उतारावर तेल असलं की त्याच टॉर्कला बुश ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त आत ओढला जातो आणि बिडाची पुली हबपाशी तडकते. फिरताना सुटलेला बिडाचा तुकडा जाळीचं गार्ड नेहमीच थोपवेल असं नाही.

बुश पुलीत घातला की अर्धी अर्धी भोकं एकमेकांसमोर येतात. ज्या जोडीत आटे पुलीच्या बाजूला आहेत, ती आवळायची. आटे बुशच्या बाजूला असलेलं भोक काढण्यासाठी आहे. हे उलटं झालं तर पुली आवळलीच जात नाही. शाफ्टच्या गाळ्यात चावी (पुली शाफ्टवर घसरू न देणारी पोलादी पट्टी) बसवा. ती बाजूंनी घट्ट आणि डोक्यावर किंचित मोकळी हवी. डोक्यावर ताठ बसली तर बुश शाफ्टवर नीट आवळत नाही आणि एका बाजूला रेटला जातो. मग पुली शाफ्टवर सरकवा. बेअरिंगच्या जितकी जवळ येईल तितकी बरी, कारण पुली टोकाला लटकली की बेअरिंगवरचा भार वाढतो.

दोन्ही स्क्रू आलटून-पालटून थोडे थोडे आवळा. २०१२ ला सुमारे ३० न्यूटन मीटर, १६१० ला सुमारे २० लागतं. बुशसोबत तक्ता मिळाला तर त्यातला आकडा प्रमाण माना. टॉर्क पाना नसेल तर २० सेंटीमीटरच्या दांड्याच्या टोकावर १५ किलोचा जोर म्हणजे साधारण ३० न्यूटन मीटर. अ‍ॅलन कीला फूटभर पाइप लावून अंगाचा भार टाकला तर किती होतं याचा हिशेब तुम्हीच करा. आवळून झालं की बुशच्या तोंडावर लाकडाचा ठोकळा धरून हलके ठोके द्या, पुन्हा आवळा. स्क्रू परत थोडे फिरतील. फिरायचे थांबेपर्यंत हे करा. हे ठोके बुश उतारावर बसवण्यासाठी असतात, पुली शाफ्टवर रेटण्यासाठी नव्हे, म्हणून ते हलकेच हवेत. रिकाम्या राहिलेल्या भोकात मात्र ग्रीस भरा. पुढच्या वेळी बुश काढताना आटे गंजलेले नसतील.

रेषा

सरळ पोलादी पट्टी किंवा ताणलेली दोरी दोन्ही पुल्यांच्या तोंडांवर धरली की ती चार ठिकाणी टेकायला हवी, प्रत्येक पुलीच्या दोन्ही कडांना. तीनच ठिकाणी टेकली तर मोटर तिरकी आहे. एका पुलीला पूर्ण टेकून दुसरीपासून सारखीच दूर राहिली तर पुली शाफ्टवर आत-बाहेर सरकवायची आहे. पट्टी उभी-आडवी दोन्ही ठिकाणी धरून बघा, मोटरचा एक पाय खाली गेलेला असेल तर तो तिथे कळतो. त्याखाली पत्र्याची शिम घाला, लाकडाची फळी किंवा पुठ्ठा नको.

एक फसवी गोष्ट आहे. दोन पुल्या वेगवेगळ्या बनावटीच्या असतील तर खाचेपासून कडेपर्यंतची जाडी वेगळी असू शकते. तोंडं एका रेषेत आणि खाचा मात्र दोन-तीन मिमी सरकलेल्या. अशा वेळी खाचेपासून मोजा. व्ही-बेल्टला अर्धा अंश फरक चालतो, म्हणजे मीटरला साधारण ९ मिमी. आपल्या ६०० मिमीच्या अंतराला जेमतेम ५ मिमी. ही मर्यादा झाली. नवीन काम करताना एक-दोन मिमीच्या आत आणणं अजिबात कठीण नाही.

बेल्ट कोणता, आणि ताण किती

जुन्या बेल्टवरचा नंबर पुसला गेला असेल तर हिशेब सोपा आहे. अंतराची दुप्पट १२००. दोन पुल्यांच्या बेरजेला १.५७ ने गुणलं की ६२८. फरकाचा वर्ग भागिले अंतराची चौपट म्हणजे १०,००० भागिले २,४०० केले की ४. एकूण १८३२ मिमी, ही पिच लांबी. बी बेल्टची आतली लांबी त्यापेक्षा साधारण ४३ मिमी कमी, १७८९ मिमी, म्हणजे ७० इंचांच्या किंचित वर. बी ७० मागा, मोटर पाच-सहा मिमी जवळ येईल इतकंच. एसपीबी हा दुसऱ्या सेक्शनचा बेल्ट मात्र वेगळा, त्याचा नंबर मिलिमीटरमधल्या पिच लांबीचा असतो. दुकानदाराने बी ऐवजी एसपीबी ‘चालतो’ म्हणून पुढे केला तर खाच त्यासाठी आहे का ते आधी पाहा.

दोन्ही बेल्ट एकदमच बदला, एकाच बनावटीचे घ्या. मापाशेजारी ४९, ५०, ५१ असा बारीक आकडा छापलेला असेल तर दोन्हींवर तोच आकडा हवा, तो लांबीतल्या सूक्ष्म फरकाचा असतो. जुना आणि नवा एकत्र लावला की आखूड असलेला नवाच सगळा भार घेतो, जुना नुसता बरोबर फिरतो.

आता मोटर पुढे घेतलेली असताना बेल्ट हाताने खाचांत ठेवा. मग दोन्ही टेन्शन बोल्ट सारखे फिरवत मोटर मागे घ्या. एकच बोल्ट फिरवला तर मोटर तिरकी होते आणि मघाची सगळी मेहनत वाया जाते. बेल्ट खाचांत बसावेत म्हणून पुली दोन-चार फेरे फिरवावी लागते. पाचर आधी काढा, एकानेच फिरवा, मोठ्या पुलीच्या आऱ्यांमध्ये बोट न घालता. बेल्टला मुठीत धरून कधीही ओढू नका, मूठ पुलीपर्यंत जाते.

अंगठ्याने दाबून ‘ठीक आहे’ म्हणणं ही चाचणी नव्हे, अंगठे वेगवेगळे असतात. स्प्रिंग काटा घ्या. बेल्टच्या मोकळ्या भागाच्या मधोमध काटकोनात ओढा किंवा दाबा. मीटरला १६ मिमी हे प्रमाण, म्हणजे आपल्या ६०० मिमीला साडेनऊ मिमी दबायला हवं. बी सेक्शन आणि १२५ ते २०० मिमीची लहान पुली असेल तर त्यासाठी प्रत्येक बेल्टला २० ते ३० न्यूटन, दोन ते तीन किलोचा जोर लागावा. नवा बेल्ट वरच्या टोकाकडे ठेवा, तो सुरुवातीला सैलावतोच. याहून खूप जास्त ताणला तर बेल्ट ओरडणार नाही, पण बेअरिंग तापेल आणि शाफ्टही वाकू शकतो. राळ किंवा बेल्ट ड्रेसिंग लावून घसरणं थांबवणं म्हणजे धूळ चिकटवून घेणं. एएचयूत ती धूळ पुढे लोकांच्या नाकात जाते.

चारही पाय आवळा आणि रेषा पुन्हा तपासा. आवळताना मोटर हमखास मिमी-दोन मिमी फिरते.

सुरू करताना

गार्ड आधी, वीज नंतर. पाचर, पाने, कॉटन वेस्ट बाहेर आली का ते मोजून घ्या. नवा एएचयू असेल तर स्प्रिंगखालचे वाहतुकीचे बोल्ट आणि पॅकिंग काढलंय ना तेही पाहा. कुलूप ज्याने लावलं त्यानेच काढायचं. पॅनेलपाशी उभ्या असलेल्याला लांबून ‘ऑन कर रे’ ओरडणं बंद करा. मागच्या खोलीतून कोण कुणाला ओरडतंय हे पॅनेलवाल्याला कळत नाही.

क्षणभर चालवून फिरण्याची दिशा बघा. पुढे वाकलेल्या पात्यांचा ब्लोअर उलटा फिरला तरी हवा त्याच तोंडातून येते, फक्त कमी येते. त्यामुळे ‘हवा येतेय’ हा पुरावा नाही, चाकावरच्या बाणाशी ताडून बघा. दिशा बदलायला दोन फेज अदलाबदल करतात, पण व्हीएफडी असेल तर त्या बाहेर पडणाऱ्या बाजूला बदलायच्या किंवा सेटिंगमध्ये. आत येणाऱ्या बाजूला कितीही उलटसुलट केल्या तरी काही होत नाही. दुरुस्तीसाठी पुली काढून नुसती मोटर फिरवून बघायची असेल तर गाळ्यातली मोकळी चावी काढा, ती गोळीसारखी उडते.

मग सगळी दारं बंद करून क्लॅम्प मीटरने तिन्ही फेजचे अँपिअर घ्या. पुढे वाकलेल्या पात्यांच्या ब्लोअरला दार उघडं असलं किंवा फिल्टर काढलेले असले की हवेला अडथळा राहत नाही, तो जास्त हवा ओढतो आणि मोटर ओव्हरलोडवर ट्रिप होते. तेव्हा दार उघडं ठेवून घेतलेल्या आकड्यावरून काही ठरवू नका.

‘वरच्या मजल्यावर हवा कमी येते’ म्हणून मोटरची पुली परस्पर मोठी करणारे असतात. १५० ऐवजी १६५ घातली की ब्लोअर ८६४ वरून ९५० आरपीएमवर जातो, वेगात १० टक्के वाढ. पण शक्ती वेगाच्या घनाने वाढते, म्हणून मोटरवर ३३ टक्के जास्त भार. ४.४ किलोवॅट घेणारा ब्लोअर ५.८ च्या वर गेला, आणि मोटर ५.५ ची. आधी फिल्टर धुवा, कॉइल साफ करा, डॅम्पर बघा.

अर्धा तास चालवल्यावर बंद करा, पुन्हा कुलूप लावा, बेल्टचा ताण आणि बुशचे स्क्रू तपासा. पुन्हा एकदा २४ ते ४८ तासांनी. या दुसऱ्या फेरीला कुणी जात नाही, म्हणून बेल्ट बसवतानाच तिची तारीख जॉबकार्डवर घाला. गार्डच्या आतल्या बाजूला पेंट मार्करने बेल्टचा नंबर, दोन्ही पुल्यांची मापं, बुशचा नंबर आणि तिन्ही फेजचे अँपिअर लिहून ठेवा. पुढच्या वेळी अंधारात टॉर्च मारून पुसट बेल्टवरचा आकडा शोधत बसावं लागणार नाही.